गोष्टीत असंच असतं

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी मी आणि माझे तीन-चार विद्यार्थी मुलांचे वाचनालय चालवतो. दोन पत्र्याची कपाटे, एक सतरंजी आणि चाळीसएक मुले एवढाच त्याचा पसारा. गेल्या पावसाळ्यात आम्ही मुलांना स्वतःची एक गोष्ट लिहायला सांगितले. पाचवीतल्या एका मुलाने दोन पाने भरून लिहिले. त्याच्या गोष्टीतल्या मुलाचे आडनाव कुलकर्णी होते. त्याच्या अंगणात तुळशीवृंदावन होते, आजी ओसरीवर बसून गोष्टी सांगत होती आणि बाबा संध्याकाळी ऑफिसातून येताना खाऊ आणत होते. हे लिहिणाऱ्या मुलाचे वडील पहाटे नगरपालिकेच्या घंटागाडीवर जातात. त्याच्या घरापुढे अंगण नाही, गटार आहे. मी त्याला विचारले, 'ही तुझी गोष्ट आहे ना?' तो म्हणाला, 'हो मॅडम, पण गोष्टीत असंच असतं.'

मराठी बालसाहित्यावर याहून नेमकी टीका माझ्या वाचनात नाही. त्या मुलाने कुणाची नक्कल केली नव्हती. पुस्तकांनी त्याला जे शिकवले तेच त्याने प्रामाणिकपणे लिहिले होते. गोष्टीला अंगण लागते, ओसरी लागते, अमुक एक आडनाव लागते, आणि आपल्या घरात यातले काहीच नाही म्हणून आपल्या घरात गोष्ट घडत नाही, हे तो दहाव्या वर्षी शिकून बसला होता.

मला त्याच्यावर हसता आले नाही, कारण मीही तेच केले होते. माझी आई शेतमजूर. शाळेत 'माझी आई' या विषयावर निबंध लिहायचा होता, तेव्हा मी आईला पहाटे उठवून सडा घालायला, देवपूजा करायला आणि स्तोत्र म्हणायला लावले. आमच्या घरात देव नव्हते. १९५६ नंतर आजोबांनी ते नदीत सोडले होते. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. गुरुजींनी निबंध वर्गात वाचून दाखवला आणि शाबासकी दिली. खोट्या आईला मिळालेली ती शाबासकी मी घरी खऱ्या आईला आनंदाने सांगितली. तिला अक्षर येत नव्हते, म्हणून ती हसली. आज मी महाविद्यालयात साहित्य शिकवते, आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे; पण तो निबंध आठवला की अजून मान खाली जाते.

म्हणून हा लेख. बालसाहित्य हा आपल्याकडे समीक्षेचा विषय मानला जात नाही. प्रस्थापित समीक्षेने त्याला दुय्यम ठरवले, आणि आपण प्रस्थापितांचे सारे मापदंड नाकारले तरी हा एक मापदंड तेवढा निमूटपणे स्वीकारला.

आपल्या चळवळीने अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी फार लवकर नाते जोडले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून आले. काळ्यांची कविता आणि कादंबरी यांची चर्चा आपल्या नियतकालिकांतून झाली. पण त्याच समाजातल्या एका साध्या नोकरदार बाईकडे आपले लक्ष गेले नाही. तिचे नाव ऑगस्टा बेकर. १९३७ मध्ये ती न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या हार्लेममधल्या १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत मुलांची ग्रंथपाल म्हणून रुजू झाली. हार्लेम ही काळ्यांची वस्ती. समोर बसणारी मुले काळी, आणि कपाटातल्या पुस्तकांत काळा माणूस शोधला तर एक तर तो सापडत नव्हता, नाही तर सापडत होता तो विदूषक, आळशी नोकर किंवा जाड ओठांचे चित्र म्हणून.

त्या काळात तिकडे घरोघरी असलेले एक पुस्तक 'लिटल ब्लॅक सॅम्बो'. ते १८९९ मध्ये लंडनला निघाले. त्याची लेखिका हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई, पण लेखन काळात तिचे वास्तव्य मद्रास इलाख्यात, नवरा इथे सरकारी डॉक्टर. गोष्टीत वाघ आहेत, आणि ते झाडाभोवती धावून धावून शेवटी तूप होऊन जातात. म्हणजे गोष्ट आपल्या देशाची, चित्रे काळ्या माणसाच्या विडंबनाची, आणि अपमान हार्लेमच्या पोरांचा! एका गोऱ्या बाईला मद्रासच्या मुलात आणि आफ्रिकेच्या मुलात फरक करण्याची गरज वाटली नाही. दोघेही तिला सारखेच 'काळे' दिसले. गमतीने रंगवलेले चित्र कुणाच्या जिवावर उठू शकते याचा याहून ठळक दाखला सापडायचा नाही.

ऑगस्टा बेकरने नुसती तक्रार केली नाही. १९३९ मध्ये तिने त्या शाखेत मुलांसाठी एक वेगळा संग्रह उभा केला आणि त्याला कवी जेम्स वेल्डन जॉन्सन यांचे नाव दिले. पुढे, १९४६ मध्ये, काळ्यांच्या जीवनावरच्या मुलांच्या पुस्तकांची तिची यादी छापली गेली आणि ती वेळोवेळी सुधारून निघत राहिली. यादीत पुस्तक घेताना ती प्रामुख्याने तीन गोष्टी तपासत असे : भाषा, आशय आणि चित्रे. काळ्या पात्राच्या तोंडी मोडकी बोली घालून हसू पिकवले आहे काय? आशयात त्या माणसाला स्वतःची प्रतिष्ठा आहे काय? चित्रात तो माणूस दिसतो की व्यंगचित्र दिसते? आपले समीक्षक ज्याला मूल्यमापन म्हणतात ते ही बाई कपाटासमोर उभी राहून, समोरच्या मुलाकडे पाहत करत होती. १९६१ मध्ये ती त्या साऱ्या ग्रंथालयव्यवस्थेच्या बालविभागाची प्रमुख झाली आणि १९७४ मध्ये निवृत्त झाली.

एका ग्रंथपालाने केलेले काम किती मोठ्या पोकळीत चालले होते हे १९६५ मध्ये उघड झाले. नॅन्सी लॅरिक या बाईंनी एक पाहणी प्रसिद्ध केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या मुलांच्या ५,२०६ पुस्तकांपैकी एक तरी काळा माणूस असलेली पुस्तके होती ३४९. शेकड्याला सात देखील नाहीत. त्यातही अनेक पुस्तकांत तो काळा माणूस कुठल्या तरी गर्दीच्या चित्रात कोपऱ्यात उभा. पुढे १९८५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालग्रंथ केंद्राने मोजदाद केली, तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे २,५०० पुस्तकांपैकी काळ्या लेखक-चित्रकारांची पुस्तके निघाली अवघी १८. आकडे बोलायला लागले की 'आम्ही भेद करत नाही' म्हणणाऱ्यांची तोंडे बंद होतात. मराठीत अशी मोजदाद कुणी मनावर घेतली आहे काय?

आता आपल्या कपाटाकडे वळू. ऑगस्टा बेकरच्या तीन कसोट्या लावून पाहू.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' १९३५ चे. गुरुजींबद्दल माझ्या मनात आदर आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणाला लावले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. पण पुस्तकाची परीक्षा लेखकाच्या पुण्याईवर होत नसते. त्या पुस्तकात एका म्हातारीच्या डोक्यावरची मोळी पडते. म्हातारी महार आहे. श्यामची आई त्याला सांगते की तिला मोळी उचलून दे, आणि घरी आल्यावर आंघोळ कर. १९३५ च्या मानाने त्या आईचे धैर्य मोठे होते, हे मला मान्य आहे. पण आमच्या सतरंजीवर हा प्रसंग वाचला गेला तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, 'मग त्या आजीने घरी जाऊन काय सांगितलं असेल?' मी गप्प झाले. नव्वद वर्षे महाराष्ट्र हे पुस्तक वाचून रडतो आहे. पण मोळीच्या बाजूने ती गोष्ट कशी दिसते हा प्रश्न त्या मुलीने विचारेपर्यंत मलाही सुचला नव्हता. करुणा दाखवणाऱ्याचे मन गोष्टीत असते. जिच्यावर करुणा केली जाते तिला मोळी मिळते आणि ती गोष्टीतून निघून जाते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मला लहानपणी फार आवडायचा, आजही आवडतो. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला तो काडी पैलवान आमच्या पोरांनाही वेड लावतो. या पुस्तकात आमचा अपमान आहे असे मी म्हणणार नाही. मुलांना साहस हवे असते, सायकल हवी असते, चोर पकडायचे असतात. माझा प्रश्न एवढाच, की अशी धिटाई करणारा आमच्या वस्तीतला पोरगा मराठी गोष्टीत किती वेळा आला? तो येतो तो बहुधा कुणीतरी शाळेत घातलेला, कुणीतरी सुधारलेला, शेवटी उपकार मानणारा. नायक होण्याचा हक्क त्याला नाही. त्याच्या वाट्याला येते ती दया.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. चांगली, पुरोगामी माणसेच तो घेतात. 'मुलांच्या पुस्तकात जात कशाला आणता? मुले निरागस असतात.' या आक्षेपाला एझ्रा जॅक कीट्सच्या 'द स्नोई डे' या पुस्तकाच्या आधारे उत्तर देता येते. १९६२ च्या या चित्रपुस्तकात पीटर नावाचा काळा मुलगा बर्फात खेळतो, एवढीच गोष्ट. मजकुरात त्याच्या रंगाचा उल्लेख नाही. चित्रातच तो दिसतो. कीट्स स्वतः गोरा, पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू आईबापांचा मुलगा. पुस्तकाला १९६३ मध्ये तिथले चित्रपुस्तकांचे मोठे पारितोषिक मिळाले. लॅरिकबाईंनी मात्र पीटरच्या आईच्या चित्रावर बोट ठेवले. भडक कपड्यातली ती स्थूल बाई त्यांना जुन्या मोलकरणीच्या साच्यातली वाटली. स्वानुभूती आणि सहानुभूती हा आपल्या साहित्यातला जुना वाद तिथेही होताच.

पण मला यात वेगळा मुद्दा दिसतो. रंग चित्रात दाखवता येतो, शब्दाने सांगावा लागत नाही. जात चित्रात दिसत नाही. ती आडनावात असते, स्वयंपाकघरात असते, देव्हाऱ्यात असते, गावाच्या कुठल्या अंगाला घर आहे त्यात असते. तेव्हा गोष्टीत जात नाही असे जे म्हणतात त्यांनी गोष्टीतले तुळशीवृंदावन पाहावे, मुंज पाहावी, चुलीवर काय शिजते ते पाहावे. जात तिथे आहेच. ती एकाच बाजूची असल्यामुळे 'सर्वांची' म्हणून खपते. आमचे नाव घातले की मात्र ती 'जात' होते. म्हणून अमेरिकेची नक्कल करून, मुलाचा रंग थोडा सावळा काढून, त्याला सर्वसमावेशक म्हणणे हा आपल्याकडे निव्वळ देखावा होईल.

इथवर मी दुसऱ्यांचे दोष सांगितले. ते सोपे असते. आता आपल्याकडे बोट वळवते.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. त्यानंतर 'उपरा', 'अक्करमाशी', 'जिणं आमुचं', 'उचल्या', 'आयदान' आले. या आत्मकथनांनी मराठी साहित्याचा पाया हलवला. आता आठवून पाहा, या साऱ्या पुस्तकांत सर्वांत जिवंत काय आहे? बालपण. शाळेच्या बाहेर बसवलेले, उपाशी झोपलेले, उष्टे मागायला गेलेले, मार खाल्लेले, आणि त्यातही खेळलेले, भांडलेले, हसलेले बालपण. आपण आपले बालपण जगाला सांगितले. पण ते मोठ्यांना सांगितले. ज्यांनी ते लादले त्यांना सांगितले, विद्यापीठांना सांगितले, इतर भाषांत नेले. आपल्या मुलांना मात्र सांगितले नाही. पाचवीतल्या पोराने वाचावे असे आपल्या मोठ्या लेखकांनी किती लिहिले? विद्रोह मोठ्यांसाठी राखला आणि मुलांना परिकथांच्या हवाली केले. हैदराबादच्या अन्वेषी या स्त्रियांच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये दलित, मुस्लिम आणि कष्टकरी घरांतल्या मुलांच्या गोष्टींची मालिका तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत काढली. दलित साहित्याची जन्मभूमी म्हणून मिरवणाऱ्या मराठीने या बाबतीत त्यांच्याकडून शिकावे अशी स्थिती आहे.

'पण मुलांना इतके दुःख कसे सांगायचे?' हा प्रश्न खरा आहे. मी तो टाळत नाही. दुःखाचे प्रदर्शन मुलांपुढे मांडले तर त्यांना लाज शिकवली जाते. याचे उत्तर मला मिल्ड्रेड टेलरच्या १९७६ च्या कादंबरीत सापडले, 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय'मध्ये. काळ १९३३, जागा मिसिसिपी. काळ्या मुलांच्या शाळेत पुस्तके वाटली जातात. गोऱ्यांच्या शाळेत वापरून, मळवून, फाटल्यावर टाकून दिलेली. लिट्ल मॅन नावाचा लहान मुलगा आधी स्वच्छ पुस्तक मागतो. मग त्याला आतल्या पानावरचा तक्ता दिसतो : कोणत्या साली, कोणत्या वंशाच्या मुलाला, कोणत्या अवस्थेत हे पुस्तक दिले. चांगल्या अवस्थेत ते गोऱ्यांना मिळाले होते, आणि अगदी वाईट झाले तेव्हा काळ्यांच्या खात्यावर चढले. तो पुस्तक जमिनीवर आपटतो आणि त्यावर पाय देतो. मार खातो. लेखिका त्याच्यासाठी अश्रू मागत नाही. वाचणाऱ्या मुलाला कळते की राग येणे बरोबर आहे. वेदना सांगावी ती अशी, नकारासकट.

आपल्याकडे अशी गोष्ट नाही असे नाही. ती बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव आणि त्याच्यासोबतची मुले नवे कपडे घालून, पहिल्यांदा आगगाडीत बसून वडिलांकडे निघतात. मसूर स्टेशनवर घ्यायला कुणी येत नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवाला दुप्पट भाडे घेतो, स्वतः पायी चालतो आणि मुलांना गाडी हाकायला लावतो. वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. मी ही गोष्ट रविवारी सांगितली. मला वाटले होते मुले रडतील. एका मुलाने विचारले, 'त्यांना बैलगाडी हाकता येत होती?' दुसरा म्हणाला, 'नवे कपडे कसले होते?' बराच वेळ ते कपड्यांवर आणि बैलांवर बोलले. मग घंटागाडीवाल्याचा तो मुलगा हळूच म्हणाला, 'पाणी कुठंच नाही मिळालं?' त्यांनी आधी भीमरावाला आपल्यासारखा मुलगा करून घेतले आणि मग त्याची तहान समजून घेतली. आपण नेमके उलटे करतो. आधी महामानव देतो, मग मूल उरतच नाही.

कार्यक्रमांचेही तेच. आमच्या तालुक्यातल्या एका शासनमान्य वाचनालयात बालविभाग म्हणजे कुलूपबंद कपाट आहे. आमच्या मुलांना तिथे नेऊ का, असे मी विचारले. चिटणीस सौजन्याने म्हणाले, 'जरूर. चौदा एप्रिलला एक कार्यक्रम ठेवू.' बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय, हे मी विचारले नाही, आणि त्याची मला खंत आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगाव वाचनालये वाढली, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. पण मुलांसाठी प्रशिक्षित माणूस ही कल्पना आपल्या छोट्या वाचनालयांत रुजली नाही.

प्वेर्तो रिकोहून आलेल्या पुरा बेलप्रे या बाईला १९२१ मध्ये हार्लेमच्या त्याच शाखेत नोकरी मिळाली. आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिने स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांत मुलांना सांगितल्या, बाहुल्यांचे खेळ केले, आपल्या लोकांचा तीन राजांचा सण वाचनालयात साजरा केला. ते वाचून मलाही उत्साह आला. आजीबाईंना बोलावू, जात्यावरच्या ओव्या म्हणवू, एका म्हाताऱ्या बाबांना हलगी घेऊन येऊ देऊ, असे मी ठरवले. आदल्या रात्री एका मुलीचे वडील घरी आले. ते म्हणाले, 'मॅडम, राग मानू नका. माझ्या बापानं हलगी टाकली तेव्हा गावानं आमचं दळण बंद केलं होतं. ती तुम्ही पोरीच्या हातात देऊ नका.' मी त्यांना संस्कृती, वारसा असे काही सांगू लागले आणि मधेच थांबले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. जे आपल्यावर लादले गेले आणि जे आपण टाकले त्यालाच 'तुमची संस्कृती' म्हणून परत आपल्या हातात देणे, हा विविधतेच्या नावाखाली चालणारा जुनाच बलुतेदारीचा व्यवहार होऊ शकतो. ओव्या झाल्या, बाबासाहेबांवरच्या, भीमजयंतीच्या. हलगी झाली नाही. हलगीचा प्रश्न मात्र माझ्यापुरता सुटलेला नाही. जी गोष्ट टाकली तीही कधीतरी मुलांना सांगावी लागेल, निदान ती का टाकली हे तरी.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. आपल्या कवींनी, कथाकारांनी वर्षातून एक गोष्ट मुलांसाठी लिहावी. शिक्षक-प्राध्यापकांनी आपल्या गावच्या बालविभागातली पुस्तके एकदा मोजावीत : नायक कोण, घर कुठल्या अंगाला, उपकार कोण करतो, उपकार कोण मानतो. ऑगस्टा बेकरसारखी एक यादी करावी आणि ती दरसाल सुधारावी. आणि या नियतकालिकासारख्यांनी मुलांच्या पुस्तकाचे परीक्षण हे कमी प्रतीचे काम मानू नये.

बाबासाहेब विद्यार्थी असताना चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने तो मुलगा पाहिला, त्याला पुस्तके दिली, आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या भेटीचे पुढे काय झाले हे १९५६ मध्ये नागपूरने पाहिले. एका मुलाच्या हातात योग्य वेळी योग्य पुस्तक पडण्याला किती अर्थ असतो, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असावे?

त्या पाचवीतल्या मुलाने दिवाळीनंतर दुसरी गोष्ट लिहिली. ती अर्धीच आहे. तीत एक मुलगा वडिलांबरोबर पहाटे घंटागाडीवर जातो. आडनाव त्याने अजून लिहिलेले नाही. तिथे जागा मोकळी सोडली आहे.